मराठवाड्यातल्या हवेत दोघांसाठी हलका टेंट निवडताना

दुकानदार टेंट उघडून दाखवतो आणि पहिली ग्वाही पाण्याची देतो: "सर, एक थेंब आत येणार नाही." कोकणात किंवा घाटमाथ्यावर या ग्वाहीला मोल आहे. आपल्याकडं वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तोही खंड घेत घेत. मराठवाड्यातल्या रानात टेंटची परीक्षा घेतात त्या दुसऱ्याच गोष्टी: वळवाच्या आधी सुटणारं वावधान, रात्री उशिरापर्यंत न निवणारी जमीन, डिसेंबरातलं दहिवर आणि खुंटी आत घेतच नाही असा कातळ. म्हणून इथला क्रम नेहमीच्या सल्ल्यापेक्षा वेगळा लावला आहे. आधी सांगाडा आणि हवा खेळण्याची सोय, मग जागा आणि वजन. पाण्याचा आकडा त्यानंतर.

१. आधी ठरवा, मुक्काम कुठं आणि कोणत्या महिन्यात

एका कागदावर येत्या वर्षात जिथं जिथं रात्र काढायची आहे ती ठिकाणं लिहा. आपल्या भागातल्या बहुतेकांची यादी साधारण अशी निघते: अजिंठ्याच्या डोंगररांगेत अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा या किल्ल्यांचा परिसर, बालाघाटात सौताडा, कपिलधारकडची बाजू, नांदेडकडच्यांसाठी माहूर-किनवटचं जंगल. त्यात एखादी हरिश्चंद्रगडाची किंवा कळसूबाईची वारी, आणि मनात कुठंतरी हिमालय.

आता महिने लिहा. ऑगस्ट अखेर ते फेब्रुवारी हा फिरण्याचा खरा काळ. सप्टेंबर अखेर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस गाठतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की परभणीकडं पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मार्चपासून अवकाळी आणि गारपीट, आणि मे महिन्यात दुपारी बेचाळीसच्या पुढं.

या सगळ्याला 'थ्री-सीझन' म्हणून विकला जाणारा टेंट पुरतो. 'फोर-सीझन' म्हणजे बर्फ आणि सोसाट्याचा वारा झेलण्यासाठी केलेला, बंदिस्त आणि जड. तो आपल्या हवेत आत कोंदटतो. हिमालयातल्या एका ट्रेकसाठी असा टेंट विकत घेण्यात अर्थ नाही. तिथं नेणारे गट बहुधा टेंट देतातच, आणि नाही दिला तर भाड्यानं मिळतो. वर्षातल्या बहुतेक रात्री ज्या हवेत जाणार, त्या हवेसाठी पैसे घाला.

जाता जाता परवानगीचं. गौताळा हे अभयारण्य आहे, तिथं रात्री थांबायचं तर वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. देवगिरीसारखी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ठिकाणं सूर्यास्ताला बंद होतात. शेतात टेंट लावणार असाल तर मालकाला विचारा. बहुतेक वेळा नुसता होकार मिळत नाही, चहाही मिळतो.

२. सांगाडा: स्वतःच्या पायावर उभा राहणारा घ्या

हलक्या टेंटचे ढोबळमानानं दोन प्रकार. एकात दोन-तीन वाकणारे पोल एकमेकांना छेद देतात आणि खुंट्या ठोकण्याआधीच घुमट उभा राहतो. दुसऱ्यात स्वतःचे पोल नसतातच. चालताना वापरायच्या काठ्या आत उभ्या करून, दोऱ्या ताणून टेंट उभारायचा. हा दुसरा प्रकार एक किलोच्या आसपासही मिळतो आणि व्हिडिओत फार देखणा दिसतो. पण त्याचा सगळा भार खुंट्यांवर. अजिंठ्याच्या पठारावर टाचभर मातीखाली काळा बेसॉल्ट लागतो, तिथं हा टेंट उभा करता करता अंधार पडेल. नव्या माणसानं तरी पहिला टेंट स्वतः उभा राहणाराच घ्यावा.

काही हलके टेंट यांच्या अधलेमधले असतात. डोक्याकडची बाजू आपली आपण उभी राहते आणि पायाकडचे दोन कोपरे खुंटीनं ताणावे लागतात. नेचरहाईक कंपनीचा 'क्लाऊड अप' या घाटाचा आहे. चालतो, फक्त त्या दोन कोपऱ्यांसाठी दगडांची तयारी ठेवायची.

पोल फायबरग्लासचे की ॲल्युमिनियमचे, हा प्रश्न किमतीचा दिसतो, पण वाऱ्याचाही आहे. फायबरग्लास जड असतं, आणि तुटतं तेव्हा एकदम फाटून त्याच्या कुसळांसारख्या सळ्या निघतात. हाताला तर लागतातच, कापडही फाडतात. ॲल्युमिनियम आधी वाकतं. वाकलेला पोल हातानं थोडा सरळ करून रात्र निघते. ७००१ किंवा ७०७५ असा आकडा लिहिलेला दिसला तर तो मिश्रधातूचा दर्जा आहे, दोन्ही चांगले. डेकॅथलॉनच्या दुकानात मिळणारा क्वेशुआचा एमएच १०० टेंट फायबरग्लासवाला आहे, वजन अडीच किलोच्या आसपास. खिसा बेताचा असेल आणि बहुतेक मुक्काम हिवाळ्यातले असतील तर तो वाईट नाही. मार्च ते मे मात्र ॲल्युमिनियम हवंच.

कारण वळवाचा वारा. हवामान खात्याच्या इशाऱ्यात "ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगानं वारे" हे शब्द आपण दर उन्हाळ्यात वाचतो. हा वारा पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यासारखा एका दिशेनं येत नाही. ढगातून थंड हवा खाली आदळते आणि चहूकडं पसरते. दहा मिनिटांत दिशा फिरते. म्हणून टेंटला चारही बाजूंनी दोऱ्या बांधायची कडी आहे का ते बघा. ती कडी नुसती बाहेरच्या कापडाला शिवलेली नको. कापडाच्या आतल्या बाजूनं त्याच जागी पोलला बांधायची पट्टी किंवा वेल्क्रो असायला हवं, तरच दोरीचा ताण पोलवर जातो. दुकानात हे कुणी दाखवत नाही, स्वतः कापड उलटून बघायचं. आणि उंचीचा सोस नको. सव्वा मीटरच्या पुढचा घुमट वाऱ्याला आयता सापडतो.

३. हवा: इथंच बहुतेकांची निवड चुकते

दोन थरांचा टेंट घ्या. आतला थर जाळीचा, त्याला इनर म्हणतात. बाहेरचा पाणी अडवणारा, तो फ्लाय. मध्ये बोटभर नव्हे, चांगली मूठभर पोकळी हवी. ऑनलाईन स्वस्तात मिळणारे एकाच थराचे टेंट, झटक्यात उघडणारे, ते अंगणात मुलांना खेळायला द्या.

कारण असं. हिवाळ्यात आपल्याकडं रात्री आभाळ निरभ्र असतं. उघड्यावरचं पातळ कापड आपली उष्णता आकाशाकडं टाकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. बाहेरून त्यावर दहिवर पडतं, आतून दोघांच्या श्वासाची वाफ धरते. पहाटे कापडाला हात लावला की सरी सुटतात, आणि माणूस म्हणतो टेंट गळतो. तो गळत नसतो. एकाच थराच्या टेंटमध्ये हे पाणी सरळ झोपायच्या पिशवीवर येतं. दोन थरांत ते फ्लायच्या आतून ओघळून बाहेर जातं आणि जाळी तुम्हाला कोरडं ठेवते.

म्हणून फ्लायला वरच्या बाजूला झरोका हवा, तोही काडी लावून उघडा ठेवता येणारा. एकच झरोका असेल तर हवा फिरत नाही. खालून शिरायला आणि वरून निघायला, अशा दोन वाटा लागतात. खाली फ्लाय आणि जमीन यांत वीतभर फट असते तीच खालची वाट. बरेच जण थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन आवळून झोपतात, आणि सकाळी भिजलेले उठतात. झरोका उघडा ठेवा, टोपी घाला.

आता इनर किती जाळीचा असावा? पूर्ण जाळीचा हलका आणि उन्हाळ्यात सुखाचा. मार्च-एप्रिलमध्ये पावसाचं चिन्ह नसेल तर फ्लाय काढून नुसत्या इनरमध्ये झोपा. चांदणं दिसतं, डास आणि विंचू बाहेर राहतात. पण हाच इनर जानेवारीत बोचरा वारा थेट अंगावर घेतो, आणि फुफाटा फटीतून आत येऊन डोळ्यांत जातो. माझं मत विचाराल तर खालची दीड-दोन फूट साधं कापड आणि वर जाळी, असा इनर मराठवाड्याला सगळ्यात जुळतो. हा मिळाला तर शंभर-दीडशे ग्रॅम जास्त गेले तरी चालतील.

एक मात्र कोणताच टेंट करणार नाही: दुपारचं ऊन. सकाळी आठनंतर उन्हातल्या टेंटमध्ये थांबणं शक्य नसतं, आणि उन्हानं कापडही विरतं. संध्याकाळी उशिरा लावा, सकाळी लवकर आवरा. पूर्वेला झाड किंवा टेकाड येईल अशी जागा मिळाली तर तासभर झोप वाढते.

४. "टू पर्सन" म्हणजे किती

म्हणजे दोन चटया शेजारी शेजारी, बाकी काही नाही. चटई साधारण ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असते. तळाची रुंदी १२५-१३० सेंटिमीटर असेल तर दोघं मावतात, सॅक मावत नाहीत. पायाकडं निमुळता होणारा तळ वजन वाचवतो, पण मग दोघांनाही डोकं एकाच बाजूला करावं लागतं. लांबीचा आकडा फसवा, कारण दोन्ही टोकांचं कापड उतरतं असतं. पावणेसहा फुटांच्या पुढच्यानं २१५ सेंटिमीटरच्या खालचा टेंट झोपून बघितल्याशिवाय घेऊ नये. बसल्यावर डोकं टेकू नये यासाठी मधली उंची मीटरभर लागते.

दोन दारं असली तर रात्री उठणारा दुसऱ्याला तुडवत नाही, आणि हवाही आरपार जाते. एक दार असलेला टेंट हलका. जोडीदार कोण आहे त्यावर ठरवा.

दाराबाहेर फ्लायखाली जी छोटी ओसरी असते ती सॅकपुरती तरी हवी. बूट मात्र तिथं उघडे ठेवू नका, सकाळी त्यात विंचू निघू शकतो. पिशवीत बांधून आत घ्या. खाण्याचं सामानही आत, नाहीतर गावातली कुत्री रात्रीच भाकरी पळवतात. आणि ओसरीत चूल किंवा गॅस पेटवू नका. कापड क्षणात पेटतं, आणि बंद जागेत गॅसचा धूर न दिसता जीव घेतो.

५. वजनाचे दोन आकडे

पाकिटावर बहुधा दोन वजनं असतात. लहान आकडा फक्त इनर, फ्लाय आणि पोल यांचा. मोठा आकडा खुंट्या, दोऱ्या, पिशव्या यांसकट. तुम्ही पाठीवर मोठाच वाहणार आहात, तुलना त्याचीच करा. विश्वास नसेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, कुणी नाही म्हणत नाही.

दोघांसाठी दीड ते अडीच किलो ही शहाणपणाची मर्यादा. दोघांत वाटला की प्रत्येकी किलो-सव्वा किलो: एकाकडं फ्लाय आणि पोल, दुसऱ्याकडं इनर, खुंट्या आणि खालचं अंथरूण. सव्वा किलोच्या आतले टेंट महाग असतात आणि कापड इतकं तलम की बाभळीच्या एका काट्यानं काम होतं. आपल्या वाटांवर पाण्याचं वजन टेंटपेक्षा जास्त भरतं. फेब्रुवारीनंतर डोंगरावरची बरीच टाकी आटतात, आणि एका मुक्कामाला माणशी चार-पाच लिटर न्यावं लागतं. टेंटचे दोनशे ग्रॅम वाचवायला हजारो रुपये घालण्याआधी सॅक उपसून बघा, एवढं वजन तिथंच निघेल.

६. कापड आणि पाण्याचा आकडा

१५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे दिसतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत ते झिरपत नाही, त्याचं हे माप. फ्लायला १५०० ते २००० पुरेसे. तळाला ३००० च्या आसपास बघा, कारण गुडघा किंवा कोपर टेकलं की ओल्या जमिनीतलं पाणी दाबानं वर येतं. पाच हजारांची जाहिरात बघून जास्त पैसे देऊ नका. पाणी बहुतेक वेळा कापडातून येत नाही, शिवणीतून येतं. फ्लाय उलटी करा. प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेल्या महागड्या कापडाला पट्टी चिकटत नाही, तिथं शिवणीला सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप, आपण लावायचा असतो. हे विकत घेण्याआधी विचारून घ्या.

नायलॉन की पॉलिस्टर? नायलॉन त्याच वजनात जास्त मजबूत, पण भिजलं की सैलावतं. रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिस्टर ओलं झालं तरी फारसं ढिलं पडत नाही आणि उन्हाला जास्त टिकतं. हलक्या मॉडेलांमध्ये एकाच टेंटचे दोन अवतार असतात, तलम नायलॉनचा हलका आणि महाग, पॉलिस्टरचा थोडा जड आणि स्वस्त. आपल्या उन्हात पहिला टेंट पॉलिस्टरचा घ्यावा.

गारांचं काय? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. तशा गारा कोणताही हलका टेंट झेलत नाही. तेव्हा गावातलं मारुतीचं देऊळ नाहीतर शाळेची पडवी गाठायची.

७. जमीन, खुंट्या आणि दगड

टेंटसोबत येणाऱ्या तारेच्या बारीक खुंट्या आपल्याकडं निकामी. मुरमात वाकतात. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगेत शिरतात आणि पकड घेत नाहीत, पावसाळ्यात चिखलातून अलगद वर येतात. इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन पात्यांच्या ॲल्युमिनियमच्या आठ खुंट्या वेगळ्या घ्या. काळ्या मातीत शक्यतो टेंट लावूच नका. बांधावर किंवा मुरमाड माळावर जागा शोधा. पाऊस झाला तर काळी माती बुटाला, टेंटला, सगळ्याला धरून बसते.

कातळावर दगडच खुंटी. त्याची रीत अशी: तीन मिलिमीटर जाडीची आठ-दहा मीटर जादा दोरी सोबत ठेवा आणि प्रत्येक कडीला हातभर लांब फास बांधा. फासात नारळाएवढा दगड अडकवून दोरी ताणा. मग त्या दगडाच्या पुढं, टेंटच्या बाजूला, दोरीवरून एक मोठा जड दगड ठेवा. ताण आला की लहान दगड मोठ्याला अडतो आणि सरकत नाही. बेसॉल्टची धार दोरी कापते, म्हणून मोठ्या दगडाखाली दोरीवर गवताची पेंडी नाहीतर चिंधी घाला. दगड उचलण्याआधी काठीनं उलटा करा, खाली विंचू नाहीतर फुरसं असू शकतं. आणि किल्ल्याच्या तटाचे, जोत्याचे दगड यासाठी उपसू नका.

जागा निवडताना ओढ्याच्या पात्रात वाळू मऊ दिसली तरी तिथं झोपायचं नाही. पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली येतं. एकट्या झाडाखाली नको. बाभळीखाली तर नकोच, सराट्याचं रान असेल तिथंही नको. तळाखाली अंथरायला कंपनीचं महागडं कापड घेण्याऐवजी ताडपत्रीच्या दुकानातून जाड मेणकापड कापून आणा. ते टेंटच्या तळापेक्षा चार बोटं लहानच हवं. बाहेर डोकावलं तर पावसाचं पाणी त्यावर जमून थेट तुमच्या पाठीखाली येतं.

८. स्लॅबवर एक संध्याकाळ

टेंट आणला की पहिल्यांदा घराच्या स्लॅबवर लावा. खुंट्या ठोकता येत नाहीत हे उलट बरंच, विटांना दोऱ्या बांधून कातळाचा सराव होतो. चटया, सॅक घेऊन दोघं आत झोपा. कुणाचे पाय कापडाला टेकतात ते बघा. दुकानात परत करण्याची मुदत असेल तर इथपर्यंतच थांबा, कारण भिजलेला टेंट कुणी परत घेत नाही.

ठेवायचा ठरलं की पाईपनं वरून अर्धा तास पाणी मारा आणि आत बॅटरी घेऊन शिवणी तपासा. मग अंधारात, फक्त डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, पुन्हा एकदा उभारा. वळीव येताना हातात दहा मिनिटं असतात, तेव्हा सूचनांचा कागद वाचत बसता येत नाही.

९. विजेचं वेगळं

टेंट विजेपासून वाचवत नाही. पोल धातूचे असोत की फायबरग्लासचे, त्यानं फरक पडत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा आणि एप्रिल ते जून, तसंच परतीच्या पावसात निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा. गडगडाट ऐकू आला तर पठार, बुरूज, टेंट सगळं सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. खाली उतरायला वेळच नसेल तर झाडापासून आणि एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका.

१०. घरी आल्यावर

ओला टेंट पिशवीत दोन दिवस राहिला की बुरशी धरते. आतला पाणीरोधक लेप ओलीनं आणि उष्णतेनं चिकट होतो, त्याला आंबट वास येतो आणि पापुद्रे सुटतात. मग तो टेंट वाचत नाही. आल्या दिवशीच सावलीत पसरून वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, ओल्या फडक्यानं चिखल पुसा. चेनमधली धूळ जुन्या ब्रशनं झाडा, कारण टेंटमध्ये सगळ्यात आधी जाते ती चेनच. पोल दुमडताना टोकाकडून नाही, मधून सुरुवात करा, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर दोन्हीकडं सारखा ताण पडतो. सैल घडी करून उशीच्या जुन्या अभ्र्यात ठेवा. पत्र्याच्या खोलीतला माळा टाळा, मे महिन्यात तिथली उष्णता लेप खाते.

पिशवीत कायम राहू द्यायच्या तीन गोष्टी: पोल मोडला तर त्यावर सरकवायची धातूची नळी (टेंटसोबत आली नसेल तर मागून घ्या), पाण्याच्या बाटलीवर गुंडाळलेली हातभर कापडी चिकटपट्टी, आणि जाळीला लावायचे दोन-तीन चिकट तुकडे. नळी मोडलेल्या जागेच्या मधोमध आणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी आवळा, उरलेला ट्रेक त्यावर निघतो.